कळसूबाई एका दिवसात : पहिल्यांदा निघण्याआधी हे वाचा

पहिल्यांदा कळसूबाईला गेले तेव्हा आम्ही चौघं होतो आणि चौघांत मिळून एक बॅटरी होती, जी माझ्या भावाने ठाण्यात घरी चार्जिंगला लावून ठेवली होती. तशीच लावलेली. इडली-वडा खाऊन, रमतगमत, पायथ्याच्या बारी गावात पोचलो साडेअकराला. ‘तीन तासांचा तर डोंगर आहे’ असं सगळेच म्हणत होते. माथ्यावर पोचलो पावणेचारला, चारी बाजूंना धुकं, दोन फोटो काढले आणि उतरायला लागलो. मधली मोठी शिडी आली तेव्हा अंधार पडला होता. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात ओला लोखंडी दांडा, आणि खालून मैत्रीण ओरडतेय, ‘माझी सहा टक्केच उरलीय गं!’ गावात शिरलो तेव्हा सव्वाआठ वाजले होते, परतीची गाडी गेलेली होती आणि ती रात्र आम्ही एका घराच्या पडवीत काढली. त्या घरच्या काकूंनी काही न विचारता चार घोंगड्या आणून टाकल्या.

त्यानंतर मी आणखी पाच वेळा जाऊन आले. कधी आईला घेऊन, कधी नऊ वर्षांच्या भाच्याला घेऊन. दर वेळी वाटेत आमच्यासारखेच कुणीतरी भेटतात, दुपारी दोनला वर निघालेले, हातात अर्ध्या लिटरची बाटली. हा लेख त्यांच्यासाठी. कळसूबाई चढायला गिर्यारोहण यावं लागत नाही, दोर लागत नाही. लागतं ते घड्याळ. पुढे जे काही सांगणार आहे त्यातलं निम्मं शेवटी वेळेवरच येतं.

१. आधी डोंगर समजून घ्या

उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर. दुसरा नंबर नाशिकच्या बागलाणातल्या साल्हेरचा, १५६७ मीटर. साल्हेर किल्ला आहे, कळसूबाई किल्ला नाही. इथे तटबंदी, टाकी, दरवाजे शोधत फिरू नका. माथ्यावर देवीचं छोटं देऊळ आणि भन्नाट वारा, एवढंच.

शिखर अकोले तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात, पण नाशिक जिल्ह्याची हद्द अगदी खेटून. हा सगळा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. म्हणजे तुम्ही वनखात्याच्या जागेत आहात, हे लक्षात असू द्या.

पायथ्यापासून सात-आठशे मीटर चढायचं, एका बाजूचं चालणं साधारण साडेसहा किलोमीटर. नवख्या माणसाला वर जायला तीन ते चार तास, उतरायला अडीच ते तीन. जेवण, फोटो, शिडीपाशी खोळंबणं धरून डोंगरावर आठ तास धरा. ‘आम्ही दोन तासांत गेलो’ म्हणणारे भेटतील. त्यांना जाऊ द्या पुढे.

चढ सलग नाही, ही त्यातली गंमत. कडा, मग सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि ते थर आडवे असल्यामुळे डोंगर जिन्यासारखा दिसतो. दख्खनच्या या खडकाला शास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही जिन्याच्या पायरीवरूनच आलाय. चढणाऱ्याला याचा उपयोग असा, की प्रत्येक दमछाक करणाऱ्या टप्प्यानंतर श्वास घ्यायला सपाट जागा मिळतेच. तोटा असा, की प्रत्येक सपाटीवर पोचल्यावर वाटतं, हाच माथा. नसतो. मी पहिल्या वेळी तीनदा ‘पोचलो!’ म्हणून ओरडले होते.

२. कधी जायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पहिल्या वेळेसाठी माझं मत स्पष्ट आहे : पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उलटला की जा. सोनकीची पिवळी फुलं अजून असतात, हवा धुतलेली असते, दगड वाळलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते, पण चढताना तीच थंडी बरी वाटते. फक्त दिवस लहान असतो, सहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

पावसाळ्यात सगळी मुंबई आणि निम्मं पुणे इथे असतं. हिरवं दिसतं, खरंय. पण जुलैतल्या रविवारी शिड्यांखाली रांगा लागतात, मुंगीच्या पावलाने सरकावं लागतं, आणि वर गेल्यावर धुक्यात स्वतःचे बूट सोडून काही दिसत नाही. अतिवृष्टी झाली की प्रशासन पर्यटनस्थळांवर बंदीही घालतं. निघण्याआधी एक-दोन दिवस जिल्ह्याच्या बातम्या आणि हवामान खात्याचा इशारा बघा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत पुढे ढकला. आगाऊ भरलेले पैसे बुडाले तर बुडाले.

एप्रिल-मेमध्ये वरच्या भागात सावली जवळपास नाही. जायचंच असेल तर उजाडायच्या आत चढायला लागून दहाच्या आत माथा सोडा. मे अखेरीस भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे बघायला गर्दी होते, तेव्हा रस्त्यावर गाड्यांचा खोळंबा होतो तो वेगळाच.

आणि नवरात्र. देवीची यात्रा असते, आसपासच्या गावांतली माणसं नऊही दिवस चढत असतात. ते बघायला जायचं असेल तर जरूर जा, पण ‘शांत ट्रेक’ करायला म्हणून जाऊ नका.

शक्य असेल तर आठवड्याच्या मधला वार निवडा. एक दिवस रजा टाकावी लागेल. मी एकदा बुधवारी गेले होते. मोठ्या शिडीवर माझ्या पुढेमागे कुणी नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्या शिडीच्या पायऱ्या मोजायचं सुचलं. निम्म्यावर दमून आकडा विसरले.

३. बारीला पोचायचं कसं

कळसूबाईला तीन-चार बाजूंनी वाटा आहेत. नवख्यांची वाट एकच : बारी गावातून. इंदोऱ्याची वाट नाशिकच्या बाजूने, जास्त उभी आणि कमी वहिवाटीची. उडदावण्याकडून येणारी लांबची. त्या दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी ठेवा.

मुंबई-ठाण्याहून स्वतःची गाडी असेल तर कसारा घाट, इगतपुरी, घोटी, आणि घोटीला महामार्ग सोडून भंडारदऱ्याचा रस्ता. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. बारी लागते भंडारदऱ्याच्या अलीकडे. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर करत यायचं. चार-पाच तास धरा, आणि आदल्या रात्री भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात मुक्काम करता आला तर सोन्याहून पिवळं. नाशिककरांना काही सांगायची गरज नाही, ते सकाळी चहा पिऊन येतात.

रेल्वेने यायचं तर मध्य रेल्वेची कसारा लोकल. ट्रेकवाल्यांची जुनी पद्धत म्हणजे रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडायची, पहाटे कसाऱ्याला उतरायचं आणि स्टेशनबाहेरच्या जीपने बारी गाठायची. दीड तासाचा रस्ता. इगतपुरीला थांबणारी मेल-एक्सप्रेस मिळाली तर घाट गाडीतच चढून होतो आणि पुढचा प्रवास तासाभरावर येतो. जीपचं भाडं बसण्याआधी ठरवा, आणि ‘माणशी किती’ की ‘पूर्ण गाडी किती’ हे दोनदा विचारा. आमचा एकदा यावरून बारीच्या चौकात सकाळी साडेपाचला वाद झाला आणि चढायला लागायच्या आधीच सगळ्यांचा मूड गेला. परतीचं त्याच जीपवाल्याशी ठरवलंत तर त्याचा मोबाईल नंबर घ्या आणि वेळ सांगताना एक तास पुढची सांगा.

एसटी घोटीहून राजूर-अकोल्याकडे जाते, बारी फाट्यावर उतरून गावात चालत जायचं. एसटीच्या भरवशावर परतीचा बेत आखत असाल तर शेवटची बस किती वाजता, हे सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. संध्याकाळी सांगायला कुणी नसतं.

४. ग्रुपबरोबर जाणार असाल तर

एकट्याने पहिल्या वेळी जाऊ नका. ओळखीचं कुणी नसेल तर आयोजकांचे ग्रुप दर आठवड्याला निघतात. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. किती जणांमागे एक लीडर? लीडरने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का? सर्वात मागे कोण चालतं? आणि खाली परत फिरायची वेळ कोणती? राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यानुसार आयोजकांनी नोंदणी करायची असते. नोंदणी आहे का हेही बिनदिक्कत विचारा. उत्तराऐवजी ‘अहो मॅडम, काळजीच करू नका’ आलं, की समजून जा.

मी एकदा अशाच एका स्वस्त ग्रुपबरोबर गेले होते. पन्नास माणसं, तीन पोरं लीडर म्हणून, तिघंही पुढे. मागे राहिलेल्या एका काकांबरोबर मी चालत होते. त्यांच्याकडचं पाणी संपलंय हे त्या तिघांना माथ्यावर गेल्यावर, मी सांगितलं तेव्हा कळलं.

५. सोबत काय घ्यायचं

आधी कागदपत्रं, कारण यादी छोटी आहे :

– आधार किंवा कुठलंही ओळखपत्र. मूळ नको, फोटोकॉपी पुरे.
– एका कागदावर नाव, रक्तगट, घरच्यांचा नंबर, चालू औषधं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेच्या वरच्या कप्प्यात.
– रोख पैसे, सुट्ट्या नोटांत. गावात शिरताना प्रवेश शुल्क आणि पार्किंग द्यावं लागतं, पावती मागून घ्या. वर रेंज कधी असते, कधी नसते, त्यामुळे लिंबूसरबताचे पैसे मोबाईलवरून जातीलच असं नाही.

आता बॅगेत :

– पाणी तीन लिटर. दोन नाही, तीन. त्यातल्या एका बाटलीत ओआरएस.
– डोक्याला लावायची बॅटरी, प्रत्येकी एक. आमचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.
– ग्रिपचे बूट, निदान महिनाभर वापरलेले. नवे बूट घालून कुणी ट्रेकला आलं की टाच सोललीच म्हणून समजा.
– मोज्यांचा जादा जोड, टोपी, पातळ विंडचीटर. पावसात रेनकोट. छत्री आणलीत तर वाऱ्यात तिचं काय होतं ते इतरांना बघायला मजा येईल.
– गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की, मेथीच्या दशम्या. वेफर्सच्या पिशव्या नकोत, त्यांनी तहान वाढते आणि कचराही.
– क्रेप बँडेज, चिकटपट्टी, अँटिसेप्टिक, स्वतःची नेहमीची औषधं.
– कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी.
– काठी. चढायला कमी, उतरायला जास्त.

बॅग दोन्ही खांद्यांवर अडकणारीच हवी. एका खांद्यावरची झोळी शिडीवर पुढे लोंबते आणि तोल घालवते. आणि एक किरकोळ वाटणारी गोष्ट : आदल्या दिवशी पायाची नखं कापा. उतरताना अंगठा बुटाच्या टोकाला हजारदा आपटतो. माझं उजव्या अंगठ्याचं नख काळं पडून दोन महिन्यांनी गळून पडलं, तेव्हा ही अक्कल आली.

६. चढाई, टप्प्याटप्प्याने

सहा वाजता बारीतून पाऊल उचललं, असं धरून सांगते.

गावात आधी दोन कामं उरकायची. पहिलं, शौचालय. गावातल्या घरांमधून पैसे देऊन सोय होते, वर काही नाही. बायकांनी हे विशेष लक्षात ठेवा, पुढचे सात-आठ तास आडोसा शोधणं गर्दीच्या दिवशी अशक्य होतं. दुसरं, दुपारचं जेवण सांगून ठेवा. माणसं किती आणि किती वाजता, एवढं सांगितलं की झालं.

*गाव ते पायथ्याचं देऊळ.* घरं संपली की ओढा, मग भातखाचरांच्या बांधावरून वाट. हा भाग सोपा वाटतो आणि इथेच बहुतेक जण पळत सुटतात. पळू नका. शरीर तापायला अर्धा तास लागतो, तो द्या. पहिला चढ चढल्यावर कळसूबाईचंच एक देऊळ लागतं. ज्यांना वरपर्यंत जाणं जमत नाही ते इथेच दर्शन घेतात. आई पहिल्या खेपेला इथूनच परतली होती, ‘देवी इथेही तीच आणि तिथेही तीच’ म्हणून. बरोबरच्या माणसाला इथपर्यंत येतानाच धाप लागली असेल, छातीत जड वाटत असेल, तर त्यालाही इथून खाली पाठवा, एकट्याला नाही, कुणाच्या तरी सोबतीने.

*पहिल्या कातळापासून शिड्यांपर्यंत.* इथून खरा चढ. काही ठिकाणी कातळात खोदलेल्या पायऱ्या, काही ठिकाणी बांधलेल्या, बाजूला रेलिंग. वीस मिनिटं चाला, दोन मिनिटं उभ्यानेच थांबा. बसलात की पाय जड होतात. पाणी तहान लागायच्या आधी घोटघोट प्या. वाटेवर बाणांच्या खुणा आहेत आणि वाट इतकी मळलेली आहे, की उजेडात चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. धुक्यात मात्र वरच्या सपाटीवर फसगत होते, त्याबद्दल पुढे सांगते.

*शिड्या.* मोठ्या अशा तीन-चार आहेत. पूर्वी इथे साखळ्या धरून चढावं लागायचं, काही साखळ्या अजून शेजारी दिसतात. शिड्या पक्क्या आहेत, भीती शिडीची नसते, शिडीवरच्या माणसांची असते. नियम सोपे आहेत. दोन्ही हात मोकळे, मोबाईल बॅगेत, काठी बॅगेला अडकवलेली. पुढच्या माणसापासून तीन-चार पायऱ्यांचं अंतर. अर्ध्यावर थांबून सेल्फी नाही. उतरताना तोंड शिडीकडे करून उतरा, पाठ करून नाही. आणि वरून खाली येणारी आणि खालून वर जाणारी माणसं एकाच वेळी शिडीवर घुसू नयेत म्हणून दोन्ही टोकांना कुणीतरी आवाज द्यावा. रविवारी हे काम कुणीच करत नाही आणि मग मधोमध दोन गट समोरासमोर अडकतात. मी एकदा चाळीस मिनिटं अशी लटकले होते, डोक्यावर कुणाच्या तरी स्पीकरवर डीजेची गाणी.

एक इशारा गंभीरपणे. मेमध्ये किंवा ऑक्टोबरात दुपारनंतर वळवाचे, परतीचे ढग येतात. गडगडाट ऐकू आला की शिड्या आणि रेलिंगपासून लांब व्हा, माथ्यावर किंवा सुट्या झाडाखाली थांबू नका, खोलगट जागी उकिडवे बसा. लोखंडाला धरून ‘पटकन उतरून जाऊ’ हा विचार करू नका.

*शेवटची सपाटी.* शेवटच्या शिडीच्या अलीकडे एक सपाटी आहे, तिथे विहीर आणि गावकऱ्यांच्या पालांखालची दुकानं. चहा, लिंबूसरबत, कांदाभजी, मॅगी. यातली प्रत्येक वस्तू, गॅसच्या टाकीसकट, कुणीतरी डोक्यावरून वर आणलेली असते. एका सकाळी माझ्या पुढे एक आजी चालत होती, नऊवारी वर खोचलेली, पायात काही नाही, डोक्यावर लिंबांची पाटी. मी धापा टाकत विचारलं, ‘आजी, रोज चढता?’ ‘रोज कशाला? शनवार-रइवार.’ मग माझ्या हातातल्या बाटलीकडे बघून म्हणाली, ‘ती खाली घेऊन जा हां बाई. तुमी टाकता, उचलाया आमालाच लागती.’ सरबताची किंमत गावापेक्षा दहा-वीस रुपये जास्त असते म्हणून घासाघीस करणारे बघितले की मला ती पाटी आठवते.

विहिरीच्या पाण्यावर विसंबू नका. उन्हाळ्यात पातळी खाली जाते, आणि शहरातल्या पोटाला ते पाणी उकळल्याशिवाय सोसेलच असं नाही.

*माथा.* शेवटची शिडी चढलं की दहा-बारा पावलांत देऊळ. छोटंसं, आत मोजकीच माणसं मावतात. चपला-बूट बाहेर काढा, आत फोटोसाठी पोझ देत बसू नका, मागे रांग असते. देवीची गोष्ट या भागात घरोघरी सांगतात : कळसू नावाची कोळ्याची पोर इंदोऱ्याच्या पाटलाकडे कामाला राहिली, ‘केर काढणार नाही, भांडी घासणार नाही’ या अटीवर. एकदा पाहुणे आले, घरच्यांनी तिला तीच कामं लावली. तिने ती केली आणि रागाने डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. महादेव कोळ्यांची ही देवी. अट मोडली म्हणून घर सोडणारी मुलगी महाराष्ट्राच्या सर्वात उंच जागी बसलीय, हे मला फार आवडतं.

हवा स्वच्छ असेल तर अर्धा तास नुसतं बसा. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग अशी ओळीने तीन शिखरं. नैऋत्येला रतनगड आणि त्याच्या शेजारचा खुट्ट्याचा सुळका, त्याच्या पलीकडे आजोबाचा डोंगर. दक्षिणेला हरिश्चंद्रगड. खाली चमकतं ते भंडारदऱ्याचं पाणी, १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने अडवलेली प्रवरा. पूर्वेकडे बितनगड, पट्टा, औंढा. अगदी निवळ दिवशी उत्तरेला सप्तशृंगीपर्यंत नजर जाते, म्हणजे मला एका माहीतगार काकांनी बोट करून दाखवलं होतं, मी ‘हो हो’ म्हणाले होते.

७. परत फिरायची वेळ

आदल्या दिवशी सगळ्यांदेखत एक वेळ ठरवा. मी बारा ठरवते, हिवाळ्यात आणि पावसाळ्यातही. बारा वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं, माथा दहा मिनिटांवर असला तरी. हे ऐकायला दुष्टपणाचं वाटतं. पण दहा मिनिटांचा माथा शिडीच्या रांगेत पाऊण तासाचा होतो, आणि तो पाऊण तास तुम्हाला खाली अंधारात फेडावा लागतो. भाच्याला घेऊन गेले त्या दिवशी आम्ही विहिरीच्या सपाटीवरूनच मागे फिरलो. तो रडला. दोन महिन्यांनी परत गेलो, पहाटे पाचला बारी सोडली आणि साडेनऊला तो देवळाची घंटा वाजवत होता.

सूर्योदयासाठी मध्यरात्री चढायची टूम आहे. पहिल्या वेळी करू नका. वाट एकदा उजेडात बघितलेली असली की मग अंधारातही पाय तिला ओळखतात.

८. उतरणं, म्हणजे खरी परीक्षा गुडघ्यांची

निघण्याआधी बुटाच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट बांधा, पाय पुढे सरकायला नको. छोटी पावलं टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, टाच आपटू नका. उंच पायरी असली तर काठी आधी खाली टेकवा, मग पाय. ओल्या कातळावर काळपट-हिरवं शेवाळ दिसलं की त्यावर पाय देऊ नका, शेजारच्या खरबरीत दगडावर द्या. घसरणार असं वाटलं तर सरळ बसून घ्या, पँट फाटली तरी चालेल.

धुक्याबद्दल सांगायचं राहिलं. वरच्या भागात इंदोऱ्याकडे उतरणारी वाट वेगळी होते. धुक्यात पुढच्या अनोळखी घोळक्यामागे चालत राहाल आणि दुसऱ्याच जिल्ह्यात उतराल. दुकानवाल्याला विचारा, ‘दादा, बारीची हीच ना?’ विचारायला पैसे पडत नाहीत. चढताना दर वळणावर एकदा मागे वळून बघायची सवय लावा, उतरताना डोंगर तसाच दिसतो.

कुणी पडलं, पाय मुरगळला, चक्कर आली तर आधी त्याला वाटेच्या कडेला सुरक्षित बसवा, मग गावकऱ्यांना कळवा. वरचे दुकानदार आणि बारीतली पोरं या कामात आपल्यापेक्षा दहा पट तरबेज आहेत. रेंज असेल तिथून ११२ किंवा १०८. मोडलेला वाटणारा पाय ओढून सरळ करायचा प्रयत्न करू नका, काठी आणि बँडेजने आहे तसा बांधा.

९. गावात परतल्यावर

सकाळी सांगून ठेवलेलं जेवण तयार असतं. पिठलं, भाकरी, ठेचा, भात, कधी नागलीची भाकरी. या तालुक्यात भात चांगला पिकतो, पहिला घास नुसता भाताचाच खाऊन बघा. सांगितलेली माणसं आठ आणि आलेली पाच, असं झालं तरी पैसे आठांचे द्या, त्यांनी रांधलेलं असतं.

गाडी चालवणाऱ्याने अर्धा तास आडवं व्हावं. दिवसभर चढून-उतरून, पोटभर जेवून, लगेच कसारा घाटात स्टिअरिंग धरणं मला डोंगरापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. ट्रेनने परतणाऱ्यांनी कसाऱ्याच्या लोकलचं वेळापत्रक सकाळीच मोबाईलमध्ये साठवून ठेवावं, रविवारी मेगाब्लॉक आहे का तेही बघून.

रात्री गरम पाण्याने पाय शेका, पोटऱ्यांना तेल लावा, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळची मीटिंग शक्य असेल तर घरूनच करा. ऑफिसचा जिना चढता येतो. उतरताना मात्र मी कठडा धरून, एकेक पायरी आडवी, खेकड्यासारखी उतरत होते, आणि खालून वॉचमन काकांनी विचारलं, ‘कळसूबाई का?’